कुवेतला नर्स म्हणून चाललेय, अरबीतले नमस्कार-चमत्कार कोणी नीट समजावून सांगेल का?

कोल्हापूरची_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. माझं कुवेतच्या एका दवाखान्यात काम झालंय, व्हिसा स्टॅम्प होऊन आलाय, पुढच्या महिन्यात निघायचंय. सात वर्षं मेडिसिन वॉर्डला ड्युटी केलीय त्यामुळं कामाचं टेन्शन नाही, टेन्शन आहे ते बोलण्याचं. एजंटने दोन पानांची पीडीएफ पाठवलीय, एकीकडं अरबी शब्द दुसरीकडं अर्थ, बस एवढंच. सगळी पाठ केली मी. शुक्रन म्हणजे आभार, इन्शाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर, पण कधी म्हणायचं आणि समोरच्यानं म्हटलं तर आपण काय म्हणायचं हे त्यात कुठंच नाही. आपल्याकडं बघा ना, माणूस जायला निघतो आणि म्हणतो "येतो", आपण म्हणतो "या". परक्या माणसाला नुसता अर्थ सांगितला तर तो दारातच उभा राहील ना बिचारा.

तर विचारायचं असं की मी हिंदू आहे, मी अस्सलामु अलैकुम म्हटलेलं चालतं का, कोणाला वावगं तर वाटणार नाही? पेशंटला धीर द्यायला काय म्हणतात? लहान बाळाचं कौतुक करताना काय सांभाळायचं? आणि बायकांशी बोलताना शब्द बदलतात असं ऐकलंय ते खरं का? ज्यांनी तिकडं दिवस काढलेत त्यांनी सांगा प्लीज, गुगलवर बघून डोकं नुसतं गरगरतंय.

फरवानियाची_ताई

सिस्टर आधी मनापासून अभिनंदन. मी मिरजेची, कुवेतमध्ये अकरा वर्षं झाली, फीमेल सर्जिकलला आहे. तू ते "येतो-या" लिहिलंस ना, तिथंच तुला अर्धं कळलंय बघ. इथं प्रत्येक बोलाला ठरलेलं उत्तर असतं आणि पीडीएफवाले नेमकं तेच देत नाहीत. सकाळी कोणी "सबाह अल-खैर" म्हटलं तर परत तेच म्हणायचं नाही, "सबाह अन-नूर" म्हणायचं. खैर म्हणजे भलं, आपण "आता तुझी खैर नाही" म्हणतो तीच खैर, आणि नूर म्हणजे उजेड. त्याने तुझी सकाळ भल्याची जावो म्हटलं, तू त्याची उजेडाची जावो म्हणालीस. संध्याकाळी "मसा अल-खैर", उत्तर "मसा अन-नूर". "मरहबा"ला "मरहबतैन" म्हणजे दोनदा मरहबा. मिळालं त्यापेक्षा चिमूटभर जास्त परत द्यायचं, अशी चाल आहे सगळी.

माझा पहिल्या आठवड्यातला प्रसंग सांगते. सत्तरीतल्या एक आजी होत्या, गॉलब्लॅडरच्या ऑपरेशनच्या. मी खोलीत गेले, थर्मामीटर काढला आणि आपल्या सवयीप्रमाणे सरळ हात पुढं केला. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं दुखतंय बहुतेक. त्यांची लेक इंग्रजीत हळूच म्हणाली, सिस्टर तुम्ही सलाम नाही केलात. दुसऱ्या दिवशी दारातच थांबून म्हटलं, अस्सलामु अलैकुम खाला, शलोनिच? आजींनी मान वळवली, व अलैकुम अस्सलाम म्हणाल्या आणि मग माझीच चौकशी सुरू केली, तू कशी, आई कशी, मुलं किती, इंडियात पाऊस आहे का. दोन मिनिटं गेली असतील, मग स्वतःच बाही वर करून हात पुढं केला. ती दोन मिनिटं वाया गेली असं कधी समजू नकोस. कामाची सुरुवातच तिथून होते.

"शलोनिच" हा कुवेती शब्द आहे, पुस्तकात "कैफ हालुकि"सारखं काहीतरी मिळेल पण इथं दिवसभर कानावर हाच पडणार. शब्दशः अर्थ तुझा रंग कसा आहे. आपण नाही का म्हणत, चेहरा उतरलाय, पिवळी पडलीस, तसंच, रंगावरून तब्येत. बाईला "शलोनिच", पुरुषाला "शलोनक". म्हणजे हो, शब्द बदलतात, बाईशी बोलताना शेवटी कुवेतला "च" येतो. उत्तर "ज़ैना, अल्हम्दुलिल्लाह", मी बरी आहे, देवाचे आभार. आणि एक नीट लक्षात ठेव, वेदनेने कळवळणारा पेशंटसुद्धा आधी अल्हम्दुलिल्लाहच म्हणेल. ते ऐकून चार्टवर वेदना नाही असं लिहून मोकळी होऊ नकोस. थांबून विचारायचं, "वेन यअव्विरिच", कुठं दुखतंय. मग खरं सांगतात.

धीर द्यायला पहिला शब्द "सलामात". आजारी माणसाला, ठेच लागलेल्याला, नुसता खोकणाऱ्यालासुद्धा. त्याहून मायेचं "मा तशूफीन शर्र", म्हणजे वाईट काही तुझ्या नजरेस न पडो, त्यावर ती म्हणेल "अश्शर्र मा यिजीच", तुझ्याकडंही न येवो. डिस्चार्जच्या दिवशी "अल्हम्दुलिल्लाह अला सलामा", सुखरूप उठलीस देवाची कृपा, उत्तर "अल्लाह यसल्लमिच". सुट्टीवरून परत आलीस की हेच वाक्य तुला म्हणतील, प्रवासाहून आलेल्यालाही तेच असतं. सुई टोचताना "शवय शवय", हळूहळू, एवढं म्हटलं तरी हात सैल सोडतात.

बाळाचं विचारलंस. बाळ कितीही गोड असू दे, आधी "माशाल्ला" आणि मग पुढचं बोल. अर्थ देवाने इच्छिलं ते झालं, पण काम काय करतं तर आपल्या काजळाच्या तीटेचं. नुसतं "किती गुटगुटीत आहे" म्हणालीस तर आईच्या चेहऱ्यावरची रेष हलते. बाळच नाही तर पेशंटचे केस, नवा मोबाईल, सूनबाई, कशाचंही कौतुक असो, आधी माशाल्ला.

पुरुष नातेवाईक असतील तर शेकहँडला आपण होऊन हात पुढं करू नकोस, उजवा हात छातीवर ठेवून सलाम म्हण, त्यात सगळं आलं.

दापोलीवाली

सिस्टर, तुमचा पहिला प्रश्न माझ्यासाठी ठेवलाय असं समजून लिहिते. आमचं गाव दापोलीकडं, आम्ही कोकणी मुसलमान, घरात आमची कोकणी बोलतो आणि शाळा सगळी मराठीत झाली. गावातली अर्धी घरं आखाती नोकरीवर उभी राहिलीत, माझे वडील कुवेतलाच होते. तर चालतं, अगदी चालतं. तिथं केरळच्या ख्रिश्चन नर्सेस, फिलिपिनो, आपल्याकडच्या, सगळ्याजणी खोलीत शिरताना सलाम म्हणतात. आमच्या घरी तर शेजारच्या वैनी दारातून "सलामालेकुम, साखर संपली" असं एका दमात म्हणतात आणि माझी आई वाटी आणायला उठते.

अर्थ सांगायचा तर "तुम्हांवर शांती असो" आणि उत्तरात शब्द उलटे होतात, "व अलैकुम अस्सलाम", आणि तुम्हांवरही शांती. म्हणजे माझं वाक्य जिथं संपलं तिथून तुमचं सुरू होतं. पुढं "व रहमतुल्लाहि व बरकातुहू" जोडलं की देवाची दया आणि बरकत. बरकत आपलीच की, "धंद्यात बरकत आहे" म्हणतो तीच. वर ताईंनी जास्त परत द्यायचं म्हटलं ते कुराणातच आहे, सूरह निसाच्या, म्हणजे निसा नावाच्या अध्यायाच्या, ८६व्या आयतीत, कोणी सलाम केला तर त्याहून चांगला करा, नाहीतर निदान तेवढा तरी परत करा. आणि पहिला कोणी करायचा हेही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, सांगितलेलं आहे, वाहनावरच्याने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्त लोकांना. पेशंट पलंगावर आहे आणि तुम्ही चालत खोलीत आलात, म्हणून त्या आजी वाट बघत होत्या. सिस्टर काळी का गोरी, कुठल्या धर्माची, हा त्यात विषयच नव्हता.

आणि अल्लाह हा शब्द फक्त मुसलमानांचा आहे असं आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं. इजिप्तचे, लेबनॉनचे ख्रिश्चनसुद्धा देवाला अल्लाहच म्हणतात, त्यांच्या अरबी बायबलमध्येही तोच शब्द आहे, त्यामुळं इन्शाल्ला अल्हम्दुलिल्लाह ही तिथली बोली आहे, सगळ्यांची.

इन्शाल्लाबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय कारण लोक त्याची फार चेष्टा करतात, म्हणे इन्शाल्ला म्हटलं की काम होत नाही. कुराणात सूरह कहफमध्ये सांगितलंय की "उद्या मी हे करीन" असं देवाची इच्छा जोडल्याशिवाय बोलू नका. म्हणजे उद्याचा दिवस माझ्या मुठीत आहे असं मानू नका, एवढाच त्यातला भाव. माझ्या वडलांची जहाजाची, विमानाची तिकिटं हातात असायची तरी आजी "इन्शाल्ला सोमवारी पोचेल" असंच म्हणायची, आणि पोचायचे ते. टाळाटाळ करणारा माणूस कुठल्याही भाषेत टाळतो, आपल्याकडचा "बघू" म्हणून टाळतोच ना. पेशंटने विचारलं उद्या घरी सोडतील का, तर "इन्शाल्ला" म्हणा, त्यात आशा आहे आणि खोटं वचनही नाही.

कोल्हापूरची_सिस्टर

बाप रे, एवढं सगळं! वहीत उतरवून काढलं रात्री बसून. ताई, खाला म्हणजे मावशी ना? आणि दापोलीवाली ताई, ते उलट्या शब्दांचं इतकं आवडलं की आईला फोनवर वाचून दाखवलं.

अजून एक, तिथं कॉफी खजूर सारखे पुढं करतात म्हणे, ड्युटीवर नाही कसं म्हणायचं? आणि हबीबी यल्ला खलास हे रीलमध्ये सारखं ऐकू येतं ते आपण बोलायचं का?

मस्कतचा_फोरमन

मी संगमेश्वरचा, मस्कतला १९ वर्षं साइटवर, त्याआधी तीन वर्षं कुवेतला होतो. कॉफीचं मी सांगतो. गहवा म्हणतात तिला, पुस्तकात कहवा, पण आखाती तोंडात क चा ग होतो. वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची, फिकट रंगाची, सोबत खजूर. देणारा डाव्या हातात दल्ला धरतो, म्हणजे ती चोचवाली किटली, आणि उजव्या हाताने फिंजान पुढं करतो, कान नसलेला छोटा कप, त्यात तळाला जेमतेम दोन घोट. मला पहिल्यांदा वाटलं कंजूषपणा आहे, तर तसं नाही, गरम राहावी आणि परत परत वाढता यावी म्हणून थोडी. उजव्या हातानेच घ्यायची. रिकामा कप नुसता परत दिलास तर तो परत भरणार, परत दिलास की परत भरणार, मी पहिल्या दिवशी सात कप प्यायलो कारण थांबवायचं कसं तेच माहीत नव्हतं. कप देताना मनगटातून दोन-तीनदा डावीउजवीकडं हलवायचा, झालं, तो समजतो. २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली ही गहव्याची रीत, ओमान, सौदी, यूएई, कतार चौघांच्या नावाने.

तुला ड्युटीवर नको असेल तर "नो थँक्यू" म्हणून पाठ फिरवू नको. छातीवर हात ठेव आणि बाई असेल तर "तस्लमीन", पुरुष असेल तर "तस्लम" म्हण. सलामतच्याच घरातला शब्द आहे, सलामत राहा असा अर्थ. खाल्लंस तर "तस्लम ईदिच", तुझा हात सलामत राहो. आपण "हाताला चव आहे तुझ्या" म्हणतो तिथं हे बसतं. ते "तफद्दली" म्हणतील, म्हणजे घ्या, या, बसा, आधी तुम्ही, सगळ्याला एकच शब्द.

शुक्रन चालतं पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "याअतीक अल-आफिया". काम करणाऱ्या माणसाला म्हणतात, देव तुला बळ देवो, उत्तर "अल्लाह यआफीक". बाईला दोन्हीकडं क चा च कर. जूनच्या दुपारी आम्ही स्लॅबवर असायचो, खालून एक म्हातारा ओमानी बकऱ्या घेऊन जायचा, रोज वर बघून हात करून हे म्हणायचा. पगार वेळेवर न देणारा साहेब होता त्या वेळी, त्याच्या तोंडून कधी एक शब्द नाही आला, आणि हा रस्त्यावरचा माणूस रोज थांबून म्हणायचा. तुमच्या वॉर्डात झाडलोट करणारे बंगाली, नेपाळी असतील, त्यांना म्हणून बघ हे.

हबीबी दोन पुरुषांत सहज चालतं, दुकानदार, ड्रायव्हर, सगळे. तू पेशंटच्या भावाला वगैरे चुकूनही म्हणू नको. बाईला "हबीबती" म्हणतात, आज्या तुला म्हणतीलच. यल्ला म्हणजे चला, मूळ "या अल्लाह". ख़लास आपलाच खलास, संपलं, पुरे, झालं. पण जपून हां, आपल्याकडं माणूस खलास म्हटलं की गेला. माझ्या मेव्हणीला एकीनं फोनवर बापाचं सांगितलं "ख़लास", ती रडायला लागली, तर म्हणायचं होतं ट्रीटमेंट संपली, घरी आणलं.

उलट त्यांच्याकडं आपले शब्द पण आहेत. टॅक्सीवाल्याला सरळ जायचं सांगायचं तर "सीदा", हा आपल्याकडून गेलेला. कुवेतला पंख्याला "बंका" म्हणतात कारण अरबीत प नाही. कुवेतची जहाजं खजूर घेऊन मुंबईला यायची, लाकूड तांदूळ मसाले घेऊन परत जायची, १९६१ पर्यंत तिथं चलनसुद्धा रुपयाच होता. म्हातारे लोक भेटतील ज्यांना मोडकं हिंदी येतं, मुंबई म्हटलं की डोळे चमकतात.

एक गोष्ट मनाला लागते ती पण सांगतो. रफीक म्हणजे सोबती, चांगला शब्द आहे, पण काहीजण आपल्या लोकांना नाव न विचारता "ए रफीक" म्हणून हाक मारतात. मी हसून नाव सांगतो. दुसऱ्या वेळी बहुतेक जण नावानेच बोलावतात.

पुण्यात_अरबी_शिकतोय

मी फार अनुभवी नाही, तीन वर्षं क्लास केलाय आणि इजिप्तच्या एका टीमसोबत ऑनलाइन काम करतो, म्हणून एवढंच जोडतो. कुवेतमध्ये इजिप्शियन लोक खूप आहेत, दवाखान्यात डॉक्टर, टेक्निशियन भेटतीलच आणि त्यांची बोली वेगळी. ते बाईला "इज़्ज़य्यिक" विचारतात, शलोनिच नाही. ज चा ग करतात, म्हणजे जमील तिथं गमील. सकाळचे शब्द तर ऐकत राहावेत, "सबाह अल-फुल्ल" म्हणजे मोगऱ्याची सकाळ, "सबाह अल-इश्ता" म्हणजे सायीची सकाळ. आमच्या टीममधल्या एका काकांना मी एकदा उत्तरात चुकून "सबाह अल-बताता" म्हटलं, घाईत फुल्ल आठवेना आणि समोर भाजी चिरत होतो (बटाट्याला अरबीत बताता किंवा बतातिस म्हणतात, आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आलेला), त्यांना इतका आनंद झाला की आता ते रोज मला एकेक भाजीची सकाळ देतात.

"मअलेश" हा त्यांचा लाडका शब्द, असू दे, राहू दे, होतं असं. चूक झाली तर तू "आसिफा" म्हण, समोरचा मअलेश म्हणेल. आणि शुक्रनचं उत्तर "अल-अफ्व" किंवा "अफ्वन".

मला सगळ्यात आवडलेला म्हणजे "नईमन". कोणी न्हाऊन किंवा केस कापून आलं की म्हणतात. नईम म्हणजे सुख, समृद्धी. आपला "इनाम" याच धातूतला, न-अ-म. उत्तर "अल्लाह यनअम अलैक". नुसतं कोणी डोक्यावरून पाणी घेऊन आलं म्हणून त्याला सुखी राहा म्हणायचं! सिस्टर, तुम्ही पेशंटला स्पंजिंग केल्यावर म्हणू शकता.

फरवानियाची_ताई

नईमन मी रोज म्हणते, ड्रेन, म्हणजे ऑपरेशननंतरची नळी, असलेल्या पेशंटला आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा केस धुवायची परवानगी मिळते तेव्हा तर नक्कीच. एक आजी लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

खाला म्हणजे मावशीच, बरोबर. अनोळखी वयस्क बाईला चालतं. ओळख झाली की मोठ्या मुलाच्या नावाने, "उम्म अमुक", अमुकची आई. घरच्यांना आधी विचारून घे मुलाचं नाव काय, त्या हाकेने चेहरा फुलतो.

एक राहिलं, आणि ते तुला लागणारच, मेडिसिन वॉर्ड म्हटल्यावर. पेशंट गेला तर काय. बातमी कळताच घरचे "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन" म्हणतात, आपण देवाचे आहोत आणि त्याच्याकडंच परत जाणार. त्या वेळी तू काही बोलू नकोस, बाजूला उभी राहा. थोड्या वेळाने जवळच्या माणसाला "अल्लाह यरहमह", बाई गेली असेल तर "यरहमहा", देव दया करो. आणि "अज़्ज़म अल्लाह अजरकुम", देव तुमचं पुण्य वाढवो. ते रडत असले तरी उत्तर देतात, "अजरना व अजरिच", आमचंही आणि तुझंही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी लिनन रूममध्ये जाऊन रडले. बाप गेलाय आणि ती मुलगी माझ्या पुण्याचं बोलत होती.

कोल्हापूरची_सिस्टर

ताई हे वाचून मला पण भरून आलं. अज़्ज़म अल्लाह अजरकुम, पन्नास वेळा म्हणून बघितलं, तो मधला ज़ अजून नीट बसत नाही पण बसवीन.

शेवटचं एकच. एका व्हिडिओत कुवेती आजी नातीला "युम्मा" म्हणत होती, युम्मा म्हणजे आई ना? मग नातीला आई का म्हणते?

फरवानियाची_ताई

मुलं आईला युम्मा म्हणतात आणि आई, आजी मुलांनाही उलट युम्माच म्हणतात, लाडाने. तुझी आजी नाही का म्हणाली कधी, "नको गं माझे आई उन्हात जाऊ". तेच ते. तुलाही म्हणतील, रात्री दोनला बेल वाजेल आणि आवाज येईल "युम्मा". धावत गेलीस की दारातून "सम्मी" म्हण, म्हणजे सांगा, काय हवं. बहुतेक वेळा पाणीच हवं असतं. ग्लास देताना उजव्या हाताने दे, आणि उशी जरा वर कर.